फोनिक्स शिकलेली मुलगी स्पेलिंग चुकते तेव्हा

प्रश्न : एका आईचं पत्र आहे. मुलगी सव्वासहा वर्षांची. शाळेत गेल्या वर्षापासून फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज ओळखून ते जोडत वाचायची-लिहायची पद्धत, शिकवतात. तिला सगळ्या अक्षरांचे आवाज येतात, 'कॅट', 'पिन', 'सन' असे शब्द ती जोडून वाचते. वहीत मात्र 'रेन' आर-ए-एन, 'वॉज' डब्ल्यू-ओ-झेड, 'सेड' एस-ई-डी आणि 'जंप' जे-यू-पी असा लिहिते. बाई म्हणतात, आत्ता स्पेलिंग सुधारू नका. वडील म्हणतात, हे खूळ पुरे झालं, रोज वीस शब्द पाठ करून घेऊ, आपणही तसंच शिकलो. तिच्याच वयाचा चुलतभाऊ स्पेलिंग पाठ करतो आणि पुस्तक घडाघडा वाचतो. शाळेत मधूनमधून अर्थच नसलेले शब्द वाचायला देतात, ते कशासाठी हेही आईला कळत नाही. त्या स्वतः मराठीतून शिकल्या, त्यामुळे आपल्या उच्चारांनी मुलीचं नुकसान होईल अशी धास्ती आहे. त्या लिहितात, 'फोनिक्स तर पूर्ण झालं, तरी स्पेलिंग येत नाही. आता सोडावं की चालू ठेवावं?'

उत्तर : वहीतले चार शब्द तुम्ही जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार बरं केलंत. नुसतं 'स्पेलिंग कच्चं आहे' असं लिहिलं असतंत तर मलाही धीर देण्यापलीकडे काही करता आलं नसतं. आता आधी त्या चार शब्दांकडेच बघू.

'रेन' हा शब्द हळू म्हणून पाहा. र्, ए, न्. तीन आवाज आहेत आणि तिनं तीन अक्षरं लिहिली आहेत. मधल्या आवाजासाठी तिनं जे अक्षर निवडलं, त्याचं नावच 'ए' आहे. तिच्याजवळ आज जेवढी माहिती आहे, तेवढ्यात याहून शहाणा निर्णय होऊ शकत नाही. ए आणि आय शेजारी शेजारी आले की दोघं मिळून एकच आवाज काढतात, हे तिला बहुधा अजून कुणी सांगितलेलंच नाही.

'वॉज'मध्ये तर तिचा कान आपल्यापेक्षा तयार आहे. हा शब्द आपण आयुष्यभर एस लावून लिहितो आणि त्याच्या शेवटी झेडचा आवाज आहे याची आपल्याला जाणीवही नसते. तिला तो ऐकू आला. मधला 'ऑ' ऐकू आला म्हणून तिनं ओ लिहिला. 'सेड'चंही तेच. जे ऐकलं ते तिनं प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं, आणि या वयात फोनिक्सकडून आपली अपेक्षा तीच असते.

'जंप'चं मात्र वेगळं आहे. जे-यू-पी हे वाचलं तर 'जप' होतं. इथे एक आवाज खरोखरच गळला आहे. तो निष्काळजीपणानं गळलेला नाही. म् आणि प् या दोन्हींसाठी ओठ मिटावे लागतात आणि 'जंप' म्हणताना ते एकदाच मिटतात, त्यामुळे म् वेगळा जाणवतच नाही, तो आधीच्या स्वरात मुरून जातो. घरी इंग्रजीच बोलणारी मुलंही या वयात 'जंप', 'हँड', 'टेंट' यांतलं अनुनासिक गाळतात. आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण देवनागरीत हा आवाज म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा नुसता ठिपका. इंग्रजीत त्या ठिपक्याला ओळीत बसायला पूर्ण अक्षर लागतं, हे मुलांना मुद्दाम दाखवावं लागतं.

चारांपैकी आज लगेच हातात घ्यावा असा हा एकच शब्द. कागदावर चार चौकोन काढा, चार बटणं घ्या. तिला 'जंप' सावकाश म्हणायला सांगा आणि एकेका आवाजाला एकेक बटण चौकोनात सरकवायला लावा. ती तीनच सरकवेल. मग दोघींनी नाक चिमटीत धरून 'जंप' म्हणायचं. आवाज मध्येच अडतो, मुलांना हसू फुटतं, आणि 'नाकात कोण लपलं होतं?' असं विचारलं की म् आपसूक सापडतो. त्याला त्याचा चौकोन द्या आणि मगच बटणांच्या जागी अक्षरं लिहायला सांगा. चौकोनांची ही पद्धत सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या नावानं ओळखली जाते. तिच्यात एकच पथ्य आहे : चौकोन आवाजांचे असतात, अक्षरांचे नाहीत. 'शिप'मध्ये अक्षरं चार पण चौकोन तीन, एस आणि एच एकाच चौकोनात.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते, 'फोनिक्स तर पूर्ण झालं.' घरातल्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, उच्चाराच्या पद्धतीप्रमाणे एखाददुसरा कमी-जास्त. एकेका अक्षराचा एकेक आवाज आला, की कामाची सुरुवात झाली. पुढे दोन अक्षरांचे मिळून होणारे आवाज आहेत, शब्दाच्या टोकाला बसून मधल्या स्वराचं रूप पालटणारा ई आहे, एकाच आवाजाची चार-पाच लेखनं आहेत. तुमची मुलगी पहिल्या टप्प्याच्या शेवटी आहे आणि तुम्ही तिला शेवटच्या टप्प्याचे प्रश्न विचारताय. बऱ्याच घरांत फोनिक्स याच ठिकाणी 'फसतं'. पहिल्या सव्वीस आवाजांची गाणी, कार्डं हौसेनं होतात. पुढचा भाग किचकट, म्हणून तो शाळा घाईत उरकते किंवा पालक 'आता पाठच करू' म्हणतात.

दुसरं गृहीत असं, की वाचता येणारा शब्द लिहिताही आलाच पाहिजे. मराठीत ते बरंचसं खरं ठरतं (ऱ्हस्व-दीर्घाची रड सोडली तर), म्हणून आपण तेच माप इंग्रजीलाही लावतो. पण 'ए' हा एकच आवाज घ्या. 'रेन'मध्ये तो ए-आय असा लिहितात, 'डे'मध्ये ए-वाय, 'केक'मध्ये ए आणि एक अक्षर सोडून ई, 'दे'मध्ये ई-वाय, 'ग्रेट'मध्ये ई-ए, आणि आठ या अर्थाच्या 'एट'मध्ये तर चार अक्षरं, ई-आय-जी-एच. वाचताना मुलीपुढे ए-आय येतं आणि त्याचं बहुतेक वेळा एकच उत्तर असतं. लिहिताना तिच्या कानात 'ए' येतो आणि त्याला सहा उत्तरं असतात. त्यामुळे स्पेलिंग वाचनाच्या मागे राहणारच, चांगली शिकणारी मुलंही याला अपवाद नाहीत. मुळात इंग्रजी वाचायलाही वेळ घेते. २००३ साली युरोपातल्या १३ भाषांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक भाषांतली मुलं पहिलीच्या अखेरीस ओळखीचे साधे शब्द जवळपास अचूक वाचत होती. त्याच टप्प्यावरच्या इंग्रजी वाचणाऱ्या स्कॉटलंडमधल्या मुलांचं प्रमाण होतं ३४ टक्के. ही त्यांची रोजची भाषा होती, हे लक्षात घ्या.

मग सहा उत्तरांतून निवडायचं कसं? इथे वडिलांना वाटतं पाठांतर, आणि मी त्यांचं म्हणणं उडवून लावणार नाही. काही गोष्टी शेवटी लक्षातच ठेवाव्या लागतात. पण रोज वीस शब्द 'एस, ए, आय, डी, सेड' असे घोकायचे म्हणजे अक्षरांच्या नावांची साखळी पाठ करायची, जिचा आवाजाशी काही संबंध नाही. शनिवारच्या परीक्षेत ती येते, सोमवारी विसरते. आपल्यातले जे असे शिकले आणि तरले, त्यांनी पुढे वाचून वाचून नियम नकळत स्वतः हुडकले. ज्यांना ते जमलं नाही, ते वर्गात मागे बसले आणि त्यांची गणना 'ढ' मुलांत झाली. वडील तरलेल्यांपैकी आहेत, म्हणून त्यांना ती पद्धत चांगली वाटते.

नियम आधीच हातात दिले तर निवड बरीच सोपी होते. 'ए' शब्दाच्या मध्ये असेल तर ए-आय, शेवटी असेल तर ए-वाय : रेन, टेल, पेंट एकीकडे, डे, प्ले, से दुसरीकडे. 'ऑय'चंही असंच, कॉइनमध्ये ओ-आय, बॉयमध्ये ओ-वाय. छोट्या शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व स्वरानंतर लगेच 'क' आला तर सी-के, म्हणून बॅक, डक, सिक. मध्ये आणखी एखादं व्यंजन असेल तर नुसता के, जसा मिल्कमध्ये. इंग्रजी शब्द व्हीवर संपत नाहीत म्हणून 'हॅव' आणि 'गिव'च्या शेवटी ई चिकटवलेला असतो. हे एकदा सांगितलं की 'हॅव'मधला ई मुलांना लहरी वाटेनासा होतो. अपवाद आहेतच. पण वीस सुटे शब्द लक्षात ठेवण्यापेक्षा एक नियम आणि दोन अपवाद लक्षात ठेवणं केव्हाही हलकं.

तुमचे ते 'वॉज' आणि 'सेड'सुद्धा पूर्ण वेडेवाकडे नाहीत. डब्ल्यूनंतर आलेला ए बऱ्याचदा 'ऑ' म्हणतो : वॉश, वॉन्ट, स्वॉन. आणि एस झेडसारखा वाजणं 'इज', 'हिज', 'हॅज'मध्ये ती रोज वाचते आहे. 'सेड'मध्ये पहिलं आणि शेवटचं अक्षर सरळ आहे, आडवा येतो तो फक्त मधला ए-आय. 'से'च्या शेवटचा वाय 'सेड' होताना आय झाला, 'पे'चा 'पेड' होताना होतो तसाच. बदलला तो उच्चार. एवढं सांगून मधल्या दोन अक्षरांखाली रंगीत रेघ मारा आणि तेवढीच लक्षात ठेवायला सांगा. अशा आडमुठ्या शब्दांचा रतीब आठवड्याला दोन-तीनपेक्षा जास्त नको.

बाईंचं 'सुधारू नका' मला अर्धं पटतं. मुलगी मनानं काही लिहीत असेल, गोष्ट, आजीला चिठ्ठी, चित्राखालचं वाक्य, तर तिथे लाल पेन चालवू नका. सुधारत बसलात की ती 'एलिफंट' लिहायचं सोडून 'कॅट'च लिहील, कारण तो नक्की येतो. पण जे शिकवून झालं आहे, ते डिक्टेशनमध्ये चुकलं तर तिथल्या तिथे, शांतपणे दुरुस्त करायलाच हवं, नाहीतर चुकीचं रूपच हाताला वळण लावतं. 'चुकलं' म्हणण्याऐवजी 'तू लिहिलंस ते बोट ठेवून वाच बघू' म्हणा. जे-यू-पी वाचून तीच म्हणेल, हे तर 'जप' झालं.

म्हणून बाईंकडे एकच मागणी करा : आतापर्यंत कोणते आवाज कोणत्या क्रमानं झाले, त्याची यादी. पुष्कळ ठिकाणी सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी करतात, कारण एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप, स्पिन असे ढीगभर शब्द तयार होतात. यादी मिळाली की डिक्टेशनची जबाबदारी वडिलांकडे द्या. त्यांना पाठांतर करून घ्यायची हौस आहे, ती इथे कामी येईल. रोज दहा मिनिटं. झालेल्या आवाजांतले चार शब्द, त्या आठवड्यातला एक आडमुठा शब्द, आणि या सगळ्यांचं मिळून एक छोटं वाक्य. वडील शब्द म्हणतात, मुलगी तो परत म्हणते, आवाज बोटांवर मोजते, लिहिते, वाचून दाखवते. यादीत नसलेला शब्द द्यायचा नाही, कितीही मोह झाला तरी. 'जम्प्ट' असा शब्द निघाला आणि तिनं शेवटी टी लिहिला, तर घाबरू नका. कानाला तो टीच आहे. तिथे ई-डी का येतो हे भूतकाळाशी जोडून एकदा सांगितलं की 'प्लेड' आणि 'वॉन्टेड' हेही त्याच धाग्यात बसतात.

चुलतभावाची परीक्षा घ्यायला जाऊ नका, कृपा करून. पण तुमच्या समाधानासाठी सांगते. सहा वर्षांचं मूल 'घडाघडा वाचतं' तेव्हा ते पुस्तक त्याला पाठ असू शकतं, चित्रावरून अंदाज करत असू शकतं, किंवा खरंच वाचत असू शकतं. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो चित्र झाकल्यावर किंवा ओळखीचा नसलेला शब्द सुटा लिहून दिल्यावर. तुमच्या मुलीला त्या निरर्थक शब्दांची पानं देतात ती याचसाठी. 'बिम', 'झॉग' हे कुणी पाठ केलेले नसतात, त्यामुळे ते वाचता आले तर ते आवाज जोडूनच. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी सगळ्या मुलांची अशी एक छोटी चाचणी होते. चाळीस शब्द असतात, निम्मे खरे, निम्मे बनवलेले, आणि बनवलेल्या शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र, म्हणजे मुलांना ते त्याचं नाव वाटावं. तपासायला हे साधन उत्तम आहे. घरी मात्र त्यांचा सराव घेऊ नका, खऱ्या शब्दांना वेळ पुरत नाही तिथे 'झॉग' कशाला? आणि ती एखाद्या शब्दावर अडली तर 'चित्र बघ, काय असेल?' असं सुचवू नका. शब्दाचा पुढचा भाग बोटानं झाका आणि एकेक आवाज उघडत न्या.

फोनिक्सच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनलनं २००० साली तोपर्यंतचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा क्रमवार शिकवलेल्या फोनिक्सचा वाचनाला, आणि लहान वयात सुरू केल्यास स्पेलिंगलाही फायदा दिसला. पण त्यातून वाचनाची एकच बाजू तयार होते. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं, की समजून वाचणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. दुसरी बाजू फोनिक्सच्या कार्डांतून येत नाही, ती गोष्टी ऐकून आणि भरपूर बोलून येते. गोष्टी मराठीतून सांगितल्या तरी त्यांतलं जग, कार्यकारण, गोष्टीची चाल हे सगळं इंग्रजी वाचतानाही कामाला येतं. त्या दहा मिनिटांसाठी रात्रीच्या गोष्टीचा बळी देऊ नका.

तुमच्या उच्चारांबद्दल. तुम्हाला वाटतं तेवढी ही अडचण मोठी नाही. एकच सवय मोडा. आपलं 'क' म्हणजे क् अधिक अ. त्यामुळे आपण 'कॅट' फोडून सांगताना 'क, ॲ, ट' म्हणतो आणि मुलाला 'कअॅटअ' जोडायला लागतं. हवे असतात ते पाय मोडलेले आवाज. ते तुमच्या तोंडात आधीच आहेत. 'नाक' म्हणा आणि शेवटी थांबा, तो क् शुद्ध आहे. 'साप'चा प्, 'वाट'चा ट्, 'बस'चा स्. अशा मराठी शब्दांच्या शेवटी आपण अ उच्चारतच नाही. तो शेवटचा आवाज तसाच उचलून 'पिन'च्या सुरुवातीला ठेवा. स्, म्, फ्, न् हे ताणता येतात, म्हणून जोडायचा सराव 'सन', 'मॅट', 'फॅन'पासून करा आणि मध्ये न थांबता स्‌स्‌सन असं घसरत जा. बाराखडी पाठ केलेल्या माणसाला व्यंजनात स्वर मिसळणं काय असतं हे नव्यानं शिकवावं लागत नाही. ज्यांत आपला गोंधळ होतो, म्हणजे 'बॅट' आणि 'बेट', व्ही आणि डब्ल्यू, तेवढे शब्द बाईंकडून किंवा रेकॉर्डिंगवरून ऐकवा. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात, आरशात बघून दोघींना एकदमच जमेल.

तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमच्या मुलीबद्दल काळजीचं कारण मला दिसत नाही. पण असंच पत्र लिहायला बसलेल्या दुसऱ्या कुणाचं मूल नीट शिकवूनही कित्येक महिन्यांनंतर तीन आवाज जोडू शकत नसेल, काल आलेला आवाज आज पुन्हा कोरा होत असेल, यमक ओळखता येत नसेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास झालेला असेल, तर 'होईल हळूहळू' म्हणत वर्ष घालवू नका. बी आणि डी उलटे लिहिणं एवढ्यावरून घाबरायचं नाही, ते सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं करतात. आधी कान तपासून घ्या, कारण वारंवार सर्दी होऊन कान भरणाऱ्या मुलांना हे बारीक आवाज ऐकूच येत नसतात. मग डोळे. दोन्ही ठीक असतील तर वाचन-अडचणींचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा आणि जाताना मुलाची वही बरोबर न्या, खाडाखोड न केलेली.